दर्या, दऱ्या आणि मात्रांचा हिशेब

इंग्रजी अक्षरांना ए = १ ते झेड = २६ असे गुण देऊन ज्याची बेरीज नेमकी १०० होईल असा शब्द शोधण्याचे कोडे परिचित आहे. ‘ॲटिट्यूड’ हे त्याचे लोकप्रिय उत्तर. शब्दसूची पुरवली की संगणक अशी सारी उत्तरे क्षणार्धात काढून देतो. शब्दाला गुण देण्याची आपली रीत याहून पुष्कळ जुनी आहे: लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग मात्रागणनाही आज्ञावलीकडे का सोपवू नये? आमच्या मते जरूर सोपवावी; मात्र नियम कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे, हे आधी स्पष्ट हवे.

महाड-पोलादपूर परिसरातील नावे घेऊन पाहू. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि साधी आज्ञावली चिन्हेच मोजते. ‘महाड’मध्ये चिन्हे ४, मात्राही ४; ‘रायगड’मध्ये ५ आणि ५; ‘पोलादपूर’मध्ये ८ आणि ८. येथे थांबणारा आज्ञावली बिनचूक आहे असेच म्हणेल. पण चवदार तळ्यावर १९२७ साली झालेल्या लढ्याचे नाव घेताच हा योगायोग उघडा पडतो. ‘सत्याग्रह’: चिन्हे ९, अक्षरे ४, मात्रा ६. जोडाक्षरामुळे आधीचा ‘स’ गुरू होतो, हा नियम आज्ञावलीला शिकवावा लागतो.

संस्कृतात हा नियम जवळजवळ निरपवाद आहे. ज्यांची समाधी पोलादपुरात आहे त्या कवींद्र परमानंदांच्या संस्कृत ‘शिवभारता’चा लगक्रम यंत्र बहुतांशी बरोबर लावील. मराठीत मात्र आघात पाहावा लागतो. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर-महाडच्या दऱ्यांतून दर्याला मिळते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोहोंत चिन्हे पाचच. पण पहिल्याच्या मात्रा ४, दुसऱ्याच्या ३, कारण ‘दऱ्या’तील ‘द’वर आघात येत नाही. ‘ऱ्य’चा अपवाद नोंदवावा, तर ‘तुम्ही’ पुढे उभा राहतो: तेथेही ‘तु’ लघूच.

हे अपवाद यंत्राला शिकवता येतात, पण ते आधी कोणाच्या तरी कानाला सापडावे लागतात. म्हणून विद्यार्थ्याने यंत्राकडून काढून आणलेला लगक्रम तपासून गुण देणे हे वृत्ताचे अध्यापन नव्हे. त्यापेक्षा त्याला नियम लिहायला लावावे, कविता मोठ्याने म्हणायला लावावी आणि यंत्र कोठे चुकले, का चुकले, हे विचारावे. ज्याने कविता कधी मोठ्याने म्हटलीच नाही, त्याला ही चूक दिसणार नाही. आणि ती न दिसणाऱ्या पिढीच्या हाती पडल्यावर यंत्राचा हिशेब हाच मराठीचा नियम ठरेल. आम्हांला भीती वाटते ती याची.