डिसेंबरची वर्गणी कुठे गेली?



महागावातील काही तरुण कार्यकर्त्यांनी आम्हांस विचारले आहे की, मंडळाचा जुना वर्गणीचा हिशोब क्यूबेसिकमध्ये आहे. पण फाइल उघडली की नुसती वेडीवाकडी चिन्हे दिसतात. ती बिघडली काय? आम्हांस तसे वाटत नाही. ती 'बीसेव्ह'ने साठवलेली असावी.

बेसिक भाषा 1964 साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी व कुर्ट्झ यांनी तयार केली. क्यूबेसिक 1991 साली एमएस-डॉस 5 सोबत आले. त्यात अनेक आकडे एकाच नावाखाली ठेवण्याच्या सोयीला अ‍ॅरे म्हणतात. खतावणीचे पान डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले. हा अ‍ॅरे 'प्रिंट'ने फाइलमध्ये लिहिला तर संगणक एकेका आकड्याची अक्षरे करतो आणि वाचताना पुन्हा अक्षरांचा आकडा करतो. 'बीसेव्ह' मात्र मेमरीतला तुकडा जसाच्या तसा डिस्कवर टाकते व 'बीलोड' तो परत आणते. फ्लॉपीवर काम आणि विजेचा भरवसा नाही, अशा वेळी हा फरक फार मोठा असे.

'डेफ सेग'ला 'व्हारसेग'ने विभाग सांगायचा, 'व्हारपीटीआर'ने पत्ता द्यायचा आणि किती बाइट ते लिहायचे. घोटाळा होतो तो या शेवटच्या आकड्यात. समजा सभासद 300, महिने 12. लाँग प्रकारचा आकडा 4 बाइटचा, म्हणून कोणीही 14,400 लिहील. पण क्यूबेसिक शून्यापासून मोजते! 'डिम'मध्ये 300 आणि 12 लिहिले की 301 गुणिले 13, म्हणजे 3,913 घरे आणि 15,652 बाइट होतात. पहिला क्रमांक आधी पुढे सरकतो, म्हणून कमी पडलेल्या 1,252 बाइटांत अख्खा डिसेंबर आणि नोव्हेंबरचे शेवटचे 12 सभासद जातात. ज्या माउलीने मजुरीतून दहा रुपये दिले तिच्या नावापुढे शून्य दिसेल, आणि उद्या भर सभेत तिलाच थकबाकीदार म्हणतील.

दुसरे असे की, फाइलच्या आरंभीच्या 7 बाइटांत पत्ता आणि लांबी असते, रकाने किती याची नोंद नसते. सभासद 301 करून जुनी फाइल 'बीलोड' केली तर संगणक तक्रार करणार नाही, पण एकाची वर्गणी दुसऱ्याच्या नावावर सरकेल. यास्तव 'डिम'मध्ये महिने आधी व सभासद नंतर लिहावेत. मग नवीन नावे शेवटी जोडली जातात, जुनी जागची हलत नाहीत. (रक्कम पैशांत, लाँगमध्ये ठेवावी. सिंगल प्रकार सुमारे सातच अंक नीट सांभाळतो, असे हिशोबात चालत नाही.)

तेव्हा तरुणांनो, आधी तो मूळ प्रोग्राम शोधा. त्यातली 'डिम'ची ओळ हीच किल्ली आहे. 64 बिटच्या विंडोजवर क्यूबेसिक चालत नाही, डॉसबॉक्समध्ये चालते. फाइलची नक्कल करून त्या नकलेवरच काम करा, आकडे साध्या मजकुराच्या फाइलीत काढा आणि महिनावार बेरीज पावतीपुस्तकाशी ताडून पाहा. जिथे जुळणार नाही तिथे पावती खरी धरावी.