न विचारता केलेला जामीनदार

धाराशिव, नाशिक आणि नागपूर या तीन जिल्हा मध्यवर्ती बँकांना राज्य सरकारने २०२५ मध्ये ८२७ कोटी रुपयांचं भागभांडवल द्यायचं ठरवलं. बातमी त्या तीन जिल्ह्यांपुरती राहिली. लातुरात तिची फारशी चर्चा झाल्याचं मला दिसलं नाही, नांदेडातही नाही. खरं तर व्हायला हवी होती. कारण हे पैसे त्या तीन जिल्ह्यांतून गोळा झालेले नाहीत. त्यात लातूरच्या डाळमिलवाल्याचा वाटा आहे आणि नांदेडच्या रिक्षावाल्याचाही.

लातूरकरांनी तर या बातमीत विशेष लक्ष घालायला हवं. १९८२ पर्यंत लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, हा एकच जिल्हा होता. माती तीच, सोयाबीन, तूर आणि ऊस ही पिकंही तीच, आणि दुष्काळ तर दोघांनी मिळूनच सोसला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते लातूरला. तरीही लातूरची जिल्हा बँक टिकली आणि आज राज्यातल्या सक्षम बँकांत तिचं नाव घेतलं जातं. शेजारी धाराशिवात मात्र ठेवीदारांना स्वतःच्याच पैशांसाठी बँकेचे उंबरठे झिजवावे लागले. दुष्काळामुळे बँका बुडतात असं आपण नेहमी ऐकतो. इथे दुष्काळ सारखाच होता, बँक मात्र एकच बुडाली.

राजकारण्यांमुळे बुडाली म्हणावं, तर लातूरच्या बँकेवरही वर्षानुवर्षं देशमुख घराण्याचाच वरचष्मा आहे. फरक कर्ज कोणाला दिलं आणि वसूल कसं केलं यात आहे. धाराशिवच्या बँकेच्या मोठ्या रकमा ढोकीच्या तेरणा आणि नळदुर्गच्या तुळजाभवानी या साखर कारखान्यांकडे अडकल्या. कारखाने आजारी पडले, गाळप थांबलं, थकबाकीवर व्याज चढत गेलं. पीककर्ज घेणारा शेतकरी दहा-वीस हजारांसाठी थकबाकीदार ठरत होता, आणि बँकेचा खड्डा मात्र दोन-चार मोठ्या खात्यांनी पाडलेला होता.

नांदेडची गोष्ट याहून जुनी. २००५ च्या सुमारास नांदेड जिल्हा बँक अशीच अडचणीत आली. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, पैसे काढायला मर्यादा आली, आणि पुढे बँक सावरायला राज्य सरकारला हात द्यावा लागला. नांदेडच्या पन्नाशीतल्या कोणालाही विचारा, त्या काळाची आठवण निघतेच.

आता मूळ प्रश्न. सरकारने बँक वाचवली तर करदात्याचं काही जातं का? हुशार माणसं यावर दोन उत्तरं देतात. एक उत्तर असं की जनतेचे पैसे बुडाले. दुसरं असं की सरकारने दिलेलं भांडवल पुढे वसूल होतं, तेव्हा ओरड कशाची?

दुसरं उत्तर अगदीच खोटं नाही. २००८ च्या मंदीत अमेरिकी सरकारने बँकांमध्ये सुमारे २४५ अब्ज डॉलर घातले आणि बँकांपुरतं पाहिलं तर त्याहून जास्त परत मिळवले. आपल्याकडे जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेची विक्री-खरेदी थांबली, तेव्हा मराठवाड्यातल्या कित्येक शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या पोटात गोळा आला होता. सरकारने ती जबाबदारी अंगावर घेतली. तिच्यासोबत ॲक्सिस बँक, आयटीसी, एल अँड टी यांचे शेअर सरकारकडे आले आणि पुढे त्यांचं सोनं झालं.

पण हिशेब इथे संपत नाही. आपल्या भागात जामीनदार म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. शेजाऱ्याने ट्रॅक्टर घेतला, आपण सही केली. हप्ते थकले की नोटीस आपल्या दारात येते. समजा शेजाऱ्याने शेवटी सगळं कर्ज फेडलं. तरी मधली चार वर्षं आपल्या नावावर ती जबाबदारी असते, आपल्याला स्वतःच्या विहिरीसाठी कर्ज मागताना अडचण येते, रात्रीची झोप उडते ती वेगळीच. हप्ते फिटले म्हणून जामिनाची किंमत शून्य होती, असं कोणी म्हणेल का? करदाता हा असाच जामीनदार आहे. इतकंच की त्याची सही कोणी घेतलेली नाही.

राज्य सरकार तर कागदोपत्रीही जामीनदार असतं. साखर कारखान्यांच्या कर्जाला सरकार थकहमी देतं. हमी दिली त्या दिवशी खजिन्यातून एक रुपया जात नाही, म्हणून ती कोणाला खर्च वाटत नाही. कारखान्यांनी कर्ज बुडवलं की हिशेब समोर येतो. अशा थकहमीपोटी राज्य सहकारी बँकेला, म्हणजे आपल्या शिखर बँकेला, सरकारकडून हजार कोटींच्या पुढची रक्कम द्यायची वेळ आली. हमी दिली एका मंत्रिमंडळाने, पैसे भरले दुसऱ्याने, आणि आठवण कोणाच्याच नावावर राहिली नाही.

सहकारी पतपुरवठ्याची उतरंड खाली गावच्या सोसायटीपासून सुरू होते, वर जिल्हा बँक, त्यावर शिखर बँक आणि सर्वांत वर नाबार्ड. ही अख्खी उतरंड ढासळली होती म्हणून वैद्यनाथन समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून केंद्राने १३,५९६ कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यातला वाटा पाहा: केंद्र ६८ टक्के, राज्यं २८ टक्के आणि ज्या संस्थांत तोटा झाला त्यांच्याकडे फक्त ४ टक्के. पुढे २०१४ मध्ये परवाना नसलेल्या देशातल्या २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना आली. त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या, नागपूर, वर्धा आणि बुलडाणा. नागपूरचं नाव आता २०२५ च्या यादीत पुन्हा आलं आहे. एकाच बँकेला दोनदा पैसे द्यावे लागतात, तेव्हा पहिल्या वेळी काय दुरुस्त केलं होतं, हे विचारायचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे.

शेतकऱ्यांची कर्जमाफीही मी याच वहीत लिहितो. त्यावर काही वाचक रागावतील, पण जरा थांबा. २००८ ची केंद्राची कर्जमाफी असो, २०१७ ची दीड लाखापर्यंतची असो की डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची, पैसा शेतकऱ्याच्या हातात पडला नाही. तो सरकारकडून थेट बँकेत जमा झाला. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरला, हे खरंच. त्याला नव्या कर्जाची वाट मोकळी झाली, हेही खरं. पण बँकेचं जे येणं वसूल होण्याची आशा उरली नव्हती, ते रोखीने वसूल झालं. कर्जमाफीवर टीका करणारे शेतकऱ्याला फुकट्या म्हणतात. बँकेला तसं कोणी म्हणत नाही.

या सगळ्यात सर्वांत वाईट धडा मिळतो तो नियमित भरणाऱ्याला. मार्च आला की गावात नवं-जुनं सुरू होतं. सावकाराकडून आठ दिवसांसाठी पैसे आणायचे, सोसायटीचं जुनं कर्ज भरायचं, नवं उचलायचं आणि सावकाराला व्याजासकट परत करायचं. इतका आटापिटा करून जो बेबाक राहिला, त्याला माफीच्या यादीत स्थान नसतं. कंधार-मुखेडकडे पारावर बसा, 'भरणारेच येडे ठरले' हे वाक्य कानावर येतं. सरकारलाही हे कळलं, म्हणून नियमित भरणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनपर अनुदान द्यावं लागलं. जिल्ह्यांच्या पातळीवरही तेच होतं. ज्या जिल्ह्याने बँक सांभाळली त्याला काही मिळत नाही, ज्याने बुडवली त्याला भांडवल मिळतं.

मोठ्या सरकारी बँकांचा खेळ आणखी शिताफीचा आहे. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत केंद्राने त्यांच्यात सुमारे ३ लाख ११ हजार कोटी रुपये घातले. त्यातले २ लाख ७६ हजार कोटी रोख्यांच्या रूपात होते. म्हणजे असं: सरकारने रोखे काढले, ते बँकेने स्वतःच्या पैशाने विकत घेतले, आणि तेच पैसे सरकारने त्याच बँकेत भांडवल म्हणून परत घातले. त्या दिवशी तिजोरीतून काहीच गेलं नाही. पण रोख्यांवरचं व्याज दरवर्षी अर्थसंकल्पातून जातं आणि मुद्दल कधीतरी फेडावंच लागतं.

आज या बँका नफ्यात आहेत, २०२४-२५ मध्ये त्यांचा एकत्र नफा पावणेदोन लाख कोटींच्या वर गेला. चांगलंच झालं. पण तो नफा उभा राहण्याआधी देशातल्या व्यापारी बँकांनी २०१४-१५ पासून नऊ वर्षांत साडेचौदा लाख कोटींची कर्जं निर्लेखित केली. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम मोठ्या उद्योगांची आणि सेवा कंपन्यांची होती. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, असं सरकार संसदेत सांगतं. ते बरोबर आहे. त्या नऊ वर्षांत अशा कर्जांतून वसूल झाले दोन लाख कोटींच्या आसपास. बाकीचा खड्डा भरताना बँकेला प्रत्येक रुपया हवा असतो. खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून सरकारी बँकांनी पाच वर्षांत सुमारे साडेआठ हजार कोटी दंड गोळा केला. किमान शिल्लक कोणाकडे नसते, हे काय सांगायचं?

करदाता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आयकराचं विवरणपत्र भरणारा नोकरदार येतो. पण देगलूरच्या शेतमजुराने दोनशेचा रिचार्ज मारला की त्यातले तीसेक रुपये जीएसटीचे असतात. पेट्रोल, सिमेंट, चप्पल, सगळ्यावर तो कर भरतो. त्याने बँकेचं कर्ज कधी घेतलेलं नाही, त्याला कोणी दिलेलंही नाही. तरी धाराशिवच्या बँकेच्या भांडवलात त्याचा वाटा आहे.

मग बँका बुडू द्याव्यात का? नाही. आमच्या नात्यातल्या एका शिक्षकाचा पगार एका सहकारी बँकेत जमा व्हायचा. ती बँक अडचणीत आल्यावर मुलीच्या फीसाठी त्यांना स्वतःचाच पगार मागायला रांगेत उभं राहावं लागलं. बँक बुडते तेव्हा पहिल्यांदा असाच माणूस बुडतो. चेअरमनचे पैसे तिथे नसतात. मुंबईच्या पीएमसी बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये लोकांना आधी फक्त हजार रुपये काढता येत होते. त्या हाहाकारानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला. हा विमा बँका भरत असलेल्या हप्त्यांतून चालतो, करातून नव्हे. वाचवायची ही त्यातल्या त्यात न्याय्य पद्धत आहे.

पण तोही सगळ्यांना नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये मराठवाडाभरच्या लोकांच्या ठेवी अडकल्या. ती पतसंस्था होती, बँक नव्हती, म्हणून विमा नाही आणि भांडवल घेऊन कोणी धावलंही नाही. पाटी वाचून जास्त व्याजाला भुललेल्या माणसाला बँक आणि मल्टिस्टेट यांतला फरक ठेव अडकल्यावर कळला.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच आहे: बँक वाचवा, पण बँक आणि संचालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहकार कायद्यात कलम ८८ आहे. ज्याच्या निर्णयामुळे संस्थेचं नुकसान झालं, त्याच्यावर रक्कम निश्चित करून त्याच्याकडून वसूल करायची तरतूद त्यात आहे. चौकशा होतातही. मे २०११ मध्ये शिखर बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं, चौकशा सुरू झाल्या, प्रकरणं कोर्टात गेली, वर्षं लोटली. भांडवल द्यायला मंत्रिमंडळाची एक बैठक पुरते. वसुलीला मात्र पिढी जाते.

म्हणून सरकारने बँकेला पैसे द्यायच्या आधी तीन कागद जाहीर करावेत. पहिला, सर्वांत मोठ्या वीस थकबाकीदार संस्थांची आणि त्यांच्यामागे असलेल्या संचालकांची यादी. दुसरा, कलम ८८ खाली किती रक्कम कोणावर निश्चित झाली आणि त्यातली किती वसूल झाली, याचा तक्ता. तिसरा, हे भांडवल किती वर्षांत परत येईल आणि नाही आलं तर बँकेच्या खुर्चीत कोण बसणार नाही, याचं लेखी आश्वासन. गावच्या सोसायटीत शेतकऱ्याचं थकबाकीदार म्हणून नाव फळ्यावर लागतं. जिल्हा बँकेच्या मोठ्या थकबाकीदारांच्या नावालाही तोच फळा लागू व्हावा.

पुढची मदत ज्या बँकेला मिळेल, तिच्या जिल्ह्यातल्या आमदाराला हे तीन कागद मागा. लातूरकरांनी तर आधी मागावेत, कारण बँक सांभाळूनही पैसे भरणारे तेच आहेत. जामीनदाराला कर्जाचे कागद बघायचा हक्क असतो आणि तो न मागता मिळत नाही.