माळावरचे भोवते ओळखताना

थंडी पडू लागली की सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर भोवते (हॅरियर) हे शिकारी पक्षी गवताला लागून तरंगताना दिसतात. १९७९ साली हे अभयारण्य जाहीर झालं ते माळढोकासाठी, पण हिवाळ्यात पक्षिनिरीक्षकाची खरी कसोटी लागते ती पॅलिड हॅरियर आणि माँटेग्यू हॅरियर या मध्य आशियाकडून येणाऱ्या पाहुण्यांपाशी. नर ओळखू येतात. माँटेग्यूच्या करड्या पंखावर आडवी काळी पट्टी आणि पोटावर तांबूस रेघा असतात. पॅलिड जवळजवळ पांढरा, पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. अडतं ते माद्या आणि तरुण पक्ष्यांपाशी. दोन्ही जातींत त्या तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टाही सारखाच. अशा वेळी मानेकडे बघावं. पॅलिडच्या गालावरच्या गडद डागामागे फिकट कॉलर उठून दिसते. माँटेग्यूला ती नसते किंवा अगदी पुसट असते. दुपारच्या झळांमध्ये, लांबून, एवढं कळतंच असं नाही. मग ‘पॅलिड किंवा माँटेग्यू’ अशीच नोंद करावी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तशी सोय आहे, आणि ठोकून दिलेल्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची. मात्र एक कळकळीची विनंती: हे पक्षी रात्री जमिनीवर, गवतातच एकत्र मुक्काम करतात. तेव्हा फोटो जरूर पाठवा, पण मुक्कामाची नेमकी जागा कुणाला सांगू नका आणि गाडी गवतात घालू नका.