मशीन नंतर, मिस्त्री आधी

फेब्रुवारी संपत आला की आपल्या भागात थंडाव्याच्या गप्पा सुरू होतात. कूलर घ्यावा की एसी, एक टन की दीड टन, कोणती कंपनी चांगली, हप्ता किती बसेल. या सगळ्या गप्पांत मिस्त्रीचं नाव कुणी काढत नाही. तो आठवतो थेट मे महिन्यात, मशीन बंद पडल्यावर. तहान लागल्यावर विहीर खणायला घ्यावी, तसंच हे. माझं मत असं आहे की बीदर-कलबुर्गीसारख्या जिल्ह्यांत घर गार राहील की नाही, हे कंपनीच्या नावापेक्षा मिस्त्रीच्या हातावर जास्त अवलंबून असतं. म्हणून मिस्त्री आधी निवडावा, आणि त्याच्याशी ठरलेलं सगळं कागदावर घ्यावं. वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण या व्यवहारातली एक मोठी अडचण भाषेची आहे, आणि तिथे आपण उपयोगी पडू शकतो.

आधी घराकडे बघू. आपल्या आजी-आजोबांची घरं माळवदाची होती. जाड भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा थर. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची. त्या घरालाही देखभाल लागायचीच. पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकून ती चोपून घ्यावी लागे, आणि ते काम कुणाकडून करून घ्यायचं हे घरात ठरलेलं असे. आता वर सिमेंटचा स्लॅब आला. तो दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. म्हणून रात्री अकरालाही पंखा गरम हवाच फेकतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना दुपारपेक्षा अशी रात्र जड जाते, कारण शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

तेव्हा पहिला खर्च छतावर करावा. स्लॅबवर चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात मारला की खालची खोली कमी तापते. ही काही नवी शोधाशोध नाही. २०१० च्या भयंकर उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. छत आधी सावरलं तर मशीन लहान लागतं आणि बिलही कमी येतं. जो मिस्त्री तुमचं छत न बघता 'दीड टन बसवून टाकू' म्हणतो, त्याला नमस्कार करून दुसऱ्याला बोलवा.

आता कूलर की एसी. बीदर शहर कलबुर्गीपेक्षा दोनशे मीटरहून जास्त उंचावर आहे. तिथे रात्र थोडी लवकर निवते. पण एप्रिल-मे मध्ये दोन्हीकडची हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. बाहेर ४२ अंश आणि हवेत ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगला कूलर २८ ते ३० अंशांची हवा देऊ शकतो. तोच कूलर जुलैमध्ये निरुपयोगी ठरतो, कारण हवा आधीच दमट असते आणि पाणी उडतच नाही. दुसरी गोष्ट, कूलरला बाहेरची हवा लागते आणि आतली हवा बाहेर जायला वाटही लागते. खोली बंद करून आत कूलर ठेवणारे लोक दमट हवेत घामाघूम होतात आणि कूलरला नावं ठेवतात. उन्हाळ्याचे तीन महिनेच त्रास होत असेल आणि पाणी पुरत असेल, तर बहुतेक घरांना कूलर पुरतो असं मला वाटतं.

पण कूलरची एक बाजू फार गंभीर आहे. पत्र्याचा कूलर, आत पाणी, त्यात बुडालेला पंप, आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही. दर उन्हाळ्यात कूलरला हात लावून शॉक बसल्याच्या बातम्या येतात, त्यांचं मूळ यात असतं. कूलर बसवणाऱ्याला सांगावं, 'भैया, आधी अर्थिंग तपासून दाखवा.' घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. करंट गळायला लागला की तो वीज तोडतो. पाणी भरताना प्लग काढलेला असावा. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासावी, नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूचा डास टाकीच्या कडेला अंडी चिकटवतो, ती घासल्याशिवाय निघत नाहीत. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्याचा पांढरा थर पॅडवर बसतो. तो बसला की हवा अडते. म्हणून पॅड धुवायचे किती दिवसांनी आणि बदलायचे कधी, हे विकत घेतानाच विचारून घ्यावं.

एसी घ्यायचा असेल तर दोन शब्द नीट समजून घेऊ. 'टन' म्हणजे मशीनचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ती ताकद, सुमारे साडेतीन किलोवॅट. खोली किती मोठी, पश्चिमेची भिंत आहे का, वर मजला आहे की उघडा स्लॅब, आत किती माणसं झोपतात, यावरून टन ठरतो. दुसरा शब्द 'स्टार'. ऊर्जा दक्षता ब्युरो या ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक करतो. एसीचे निकष २०२२ मध्येही असेच कडक झाले. म्हणून जुन्या स्टॉकमधले पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे सारखे नसतात. लेबलवर त्याची मुदत छापलेली असते, ती वाचावी. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा एसी सुरू केला की आपोआप २४ अंशांवर लागतो. १८ वर नेल्याने खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे. बिल मात्र वाढतं.

खरी फसगत होते ती गॅसच्या बाबतीत. 'ग्यास संपलाय, भरावा लागेल,' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते खरं वाटू लागलं आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळाला आहे. आमच्या गल्लीत एका घरी ओळीने तीन उन्हाळे गॅस भरला गेला. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका मिस्त्रीने साबणाचं पाणी लावून बघितलं, तर बाहेरच्या युनिटच्या नटापाशी बुडबुडे आले. नळीचं तोंड नव्याने करून नट आवळला. दोन उन्हाळे झाले, तो एसी चालू आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

या गळतीचा हिशेब घराबाहेरही जातो. आजच्या बऱ्याच एसींत असलेला आर-३२ हा गॅस एक किलो हवेत सुटला तर सुमारे पावणेसातशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. असे गॅस कमी करत नेण्याचा करार २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे झाला आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. करार दूर देशात झाला, पण तो पाळायचा आपल्या भिंतीवरच्या त्या नटापाशी. शिवाय आर-३२ थोडा आणि आर-२९० बराच ज्वलनशील आहे. नवख्या हातात हे काम देणं धोक्याचं आहे, सगळ्यात जास्त त्या हाताच्या मालकाला.

म्हणून मिस्त्रीची बाजूही मांडली पाहिजे. एका तरुण मिस्त्रीला मी विचारलं, 'व्हॅक्यूम पंप का नाही लावत सगळीकडे?' तो म्हणाला, 'सर, पंप लावायचा म्हटलं की अर्धा-पाऊण तास जातो. मे महिन्यात दहा ठिकाणून फोन असतात, प्रत्येक जण म्हणतो आत्ताच या. त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी देत नाही.' त्याचं म्हणणं मला पटलं. नळीतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढली नाही तर कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं, हे त्याला ठाऊक आहे. आपण मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो आणि वर दोरी-पट्ट्याशिवाय त्याला तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर उतरवतो. आयटीआयमध्ये या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख दुरुस्ती कामगारांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. शिकलेल्या माणसाला शिकल्याचा मोबदला आपण दिला नाही, तर तो शिकेल कशाला?

आता भाषेचा प्रश्न. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत घरातलं बोलणं मराठी, मिस्त्रीचं दखनी उर्दू किंवा कन्नड, आणि वॉरंटीचं कार्ड इंग्रजीत. तीन भाषांमधून जे ठरतं ते सगळं तोंडी. खरेदी तर कधी हैदराबादला, कधी उदगीर-लातूरला, कधी सोलापूरला. बिघाड झाला की दुकानदार म्हणतो बसवणाऱ्याची चूक, बसवणारा म्हणतो मशीनच खराब. मधल्या मधे घरची बाई, जिने दुपार काढायची असते, ती गप्प बसते, कारण तिच्या हातात कागद नसतो.

कागद असेल तर कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात वस्तूबरोबर सेवाही येते. वस्तू परराज्यात घेतली असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. पण तिथे 'त्यांनी तोंडी सांगितलं होतं' एवढ्यावर भागणं कठीण.

म्हणून माझी आपल्या मंडळाला एक सूचना आहे. एका पानाचा कोरा नमुना आपण तयार करू, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड विभागातले मित्र हात लावतीलच. त्यात एवढंच असावं: खोलीचं माप आणि छताची स्थिती, किती टन आणि का, कोणता गॅस, किती वजनाचा (हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं), व्हॅक्यूम केला का, गळती तपासली का, अर्थिंग बघितलं का, मजुरी किती, आणि कामाची हमी किती महिने. खाली दोघांच्या सह्या. मिस्त्रीलाही हा कागद कामाचा आहे. 'मी सगळं नीट केलं होतं' हे त्यालाही दाखवता येईल.

आपण निबंध लिहितो, कविता लिहितो, स्पर्धांत बक्षिसं घेतो. शेजारच्या काकूंसाठी हा एक कागद भरून देणं हेही लेखनच आहे. आणि तो फेब्रुवारीत भरावा, मिस्त्रीला वेळ असताना, सावलीत बसवून, चहा देऊन.