फळीवरच्या मालाचाही हिशेब द्या

प्रति,
व्यवस्थापन मंडळ,
अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्‌स लि. (डीमार्ट), मुंबई



पगार झाला की पहिल्या रविवारी डीमार्ट, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचे ठरून गेलेले आहे. २००२ साली पवईत तुमचे पहिले दुकान निघाले. मार्च २०२५ अखेर दुकानांची संख्या ४१५ झाली आणि त्या वर्षीची उलाढाल ५७ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. तुमच्यामुळे महिन्याचा किराणा स्वस्तात पडतो, हे मान्य करूनच हे पत्र लिहीत आहे. पत्राचा विषय पर्यावरण असला, तरी चार झाडे लावा असे सांगायला ते लिहिलेले नाही.

सेबीच्या नियमांनुसार मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. तो तुम्हीही देता. दुकानाची जागा शक्यतो भाड्याने न घेता स्वतःची घ्यायची, हे तुमचे जुने धोरण आहे. त्यामुळे छतावर सौर पॅनेल बसवायला कुणा घरमालकाचे तोंड पाहावे लागत नाही. हे काम तुम्ही वाढवालच, कारण त्यात विजेचे बिल वाचते. परंतु किराणा विकणाऱ्या कोणत्याही मोठ्या साखळीचा पर्यावरणावरचा बहुतेक भार दुकानाच्या चार भिंतींबाहेर पडत असतो. फळीवर आलेल्या प्रत्येक पाकिटामागे शेतातले खत, कारखान्याचे इंधन आणि ट्रकचे डिझेल खर्ची पडलेले असते, आणि माल संपल्यावर रिकामे पाकीट आमच्या कचऱ्याच्या डब्यात येते.

अमेरिकेतल्या वॉलमार्टचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. तिथे २००७ साली कंपनीने जाहीर केले की यापुढे अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत फक्त दाट, कमी पाण्याचे लिक्विड डिटर्जंटच ठेवले जाईल. मे २००८ पर्यंत तसे झालेही. यातून तीन वर्षांत ४० कोटी गॅलन पाणी, साडेनऊ कोटी पौंड प्लॅस्टिक आणि साडेबारा कोटी पौंड पुठ्ठा वाचेल, असा कंपनीचा अंदाज होता. त्यासाठी कुठला कायदा करावा लागला नाही. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितले आणि साबण कंपन्यांनी बाटली लहान केली.

याच वॉलमार्टची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. पुरवठादारांना सोबत घेऊन २०३० पर्यंत १०० कोटी टन उत्सर्जन टाळण्याचा संकल्प कंपनीने २०१७ मध्ये केला आणि तो सहा वर्षे आधीच पुरा झाल्याचे २०२४ मध्ये सांगितले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मात्र स्वतःच्या कामकाजातले उत्सर्जन घटवण्याची २०२५ आणि २०३० ची उद्दिष्टे बहुधा हुकतील, अशी कबुली तिला द्यावी लागली. कंपनी वाढत असली की एकीकडची बचत दुसरीकडच्या वाढीत जिरते. तुम्ही दर वर्षी नवी दुकाने उघडता, तेव्हा हा धडा तुम्हालाही लागू आहे. वातानुकूलन आणि शीतकपाटांतल्या वायूचेच घ्या. अनेक एसींत वापरला जाणारा आर-४१०ए हा वायू एक किलो गळला, तर सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात अडकते. नव्या दुकानात कोणता वायू भरायचा, हा निर्णय आज घेतला की पुढची पंधरा-वीस वर्षे बांधली जातात.

आता वेष्टणाकडे येतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली. तिच्यामुळे हातातली पिशवी गेली, पण उत्पादक कारखान्यातच बांधून पाठवतो त्या मालाच्या वेष्टणाला सवलत मिळाली. परिणाम असा की आम्ही घरून कापडी पिशवी नेतो आणि तिच्यात प्लॅस्टिकची वीस पाकिटे भरून आणतो. तूरडाळ, पोहे, रवा, शेंगदाणे, मोहरी: प्रत्येकाचे पाकीट वेगळे. तुमच्या बाबतीत ‘आम्ही फक्त विकतो’ हा बचावही पूर्ण लागू पडत नाही. किराणा माल पॅक करण्याचे काम करणारी अलाइन रिटेल ट्रेड्स ही तुमचीच उपकंपनी आहे. त्या पाकिटांचे प्लॅस्टिक कोणते आणि किती जाड असावे, हे तुमच्याच कचेरीत ठरते.

शॅम्पूच्या पुडीचे दुखणे वेगळे आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला घरोघरचा कचरा उचलतात आणि वर्गवारी करतात. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, पुठ्ठा बाजूला निघतो, कारण भंगारवाला त्याला भाव देतो. प्लॅस्टिक आणि चंदेरी वर्खाचे थर एकमेकांना चिकटवलेली चिप्सची, बिस्किटांची, शॅम्पूची वेष्टणे तशीच राहतात. वजनाला हलकी, वेगळी करायला अशक्य आणि विकायला निरुपयोगी. ती वेचण्यात कचरावेचक बाईचा वेळ जातो, मजुरी मात्र सुटत नाही.

तुम्ही म्हणाल, आमचे गिऱ्हाईक दर पाहून येते, पर्यावरणापायी एक रुपया जास्त मोजणार नाही. बरोबर आहे, आणि त्याच्यावर तो बोजा टाकूही नये. पण कमी वेष्टण म्हणजे कमी खर्च. पाणी कमी केलेला साबण ट्रकमध्ये जास्त मावतो. शिवाय पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा, ही तुमची ख्याती सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. घासाघीस कशी करायची, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. त्याच बैठकीत भावाबरोबर वेष्टणाचाही विषय काढा.

म्हणून चार मागण्या आहेत. तुमच्या स्वतःच्या ब्रँडच्या डाळी-कडधान्यांची पाकिटे ठरावीक मुदतीत एकाच थराच्या, भंगारात भाव मिळेल अशा प्लॅस्टिकची करा. ग्राहकाने आणलेल्या डब्यात सुटे धान्य तोलून देण्याची सोय प्रत्येक दुकानात ठेवा आणि तो दर पाकिटापेक्षा कमी लावा. रिकामी वेष्टणे दुकानातच परत घ्या आणि ते काम कचरावेचकांच्या संस्थांना रीतसर मोबदला देऊन सोपवा. आणि वार्षिक अहवालात वीज-पाण्याच्या शेजारी एक आकडा द्या: वर्षभरात तुमच्या दुकानांतून किती टन वेष्टण बाहेर पडले. दुकानाच्या दारावर तो मराठीत लावा.

सगळी दुकाने एकदम बदलणार नाहीत, हे आम्हालाही कळते. पवईच्या पहिल्या दुकानापासून सुरुवात करा आणि पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तारीख जाहीर करा. डबे आम्ही घरून आणू.

कळावे,
आपला एक ग्राहक