सायकल-सहल आणि प्रवासवर्णन
कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या मार्गदर्शित सायकल-सहली विजयदुर्गी थांबल्या की किल्ल्यातील ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात आणि हेलियमचा शोध येथेच लागल्याचे सर्रास सांगितले जाते. हेच वाक्य पुढे प्रवासवर्णनांत उतरते. वस्तुतः नॉर्मन लॉकियर येथे आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. हेलियमशी निगडित त्यांची १८६८ मधील निरीक्षणे इंग्लंडमधली. सहलीला आमचा विरोध नाही. सायकलची संथ गती निरीक्षणाला पोषकच आहे. मात्र ऐकीव माहिती न पडताळता लिहिली, तर प्रवासवर्णन आणि माहितीपत्रक यांत भेद उरत नाही. २०२५ मध्ये विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता त्यावर लिहिणारे वाढतील. म्हणून ही अपेक्षा आम्ही आजच नोंदवतो.