स्वस्तातली उंची

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १ डिसेंबर २०२१ पासून एक काहीसा चमत्कारिक वाटणारा कायदा अमलात आला. वाहनाच्या पुढच्या चाकावरील मडगार्ड मागच्या मडगार्डपेक्षा चार इंच किंवा त्याहून अधिक उंच करून ते रस्त्यावर चालविणे हा गुन्हा ठरविण्यात आला. वर्षभरात तिसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याचा परवाना किमान एक वर्षासाठी रद्द करण्याची तरतूदही त्यात आहे. त्यापाठोपाठ २०२२ मध्ये व्हर्जिनियाने, २०२३ मध्ये साउथ कॅरोलिनाने आणि २०२४ मध्ये टेनेसीने अशीच बंदी घातली. नाक आकाशाकडे आणि शेपूट जमिनीकडे अशा बेताने उभ्या राहणाऱ्या या पिकअप ट्रकची फॅशन ‘कॅरोलिना स्क्वॉट’ या नावाने ओळखली जाते. तिचे मूळ कॅलिफोर्निया व बाहा परिसरातील वाळवंटी शर्यतींत शोधले जाते. तिथे उडी मारून खाली येणारा ट्रक नाकावर आपटू नये, ही त्यामागची गरज होती. शहरातल्या सिग्नलवर ती गरज उरत नाही, फक्त समोरचे दिसेनासे होते.

ही फॅशन टोकाची असल्यामुळे तिच्यावर बंदी घालणे तुलनेने सोपे होते. खरा प्रश्न तिच्या मागे उभ्या असलेल्या, कितीतरी मोठ्या आणि बहुतांशी कायदेशीर असलेल्या बाजारपेठेचा आहे. पिकअप ट्रक दोन, चार किंवा सहा इंचांनी उंच करणाऱ्या ‘लिफ्ट किट’ची ही बाजारपेठ असून, तिथला बहुसंख्य ग्राहक शर्यतबाज नव्हे, तर हिशेब करून खर्च करणारा सामान्य माणूस आहे.

या ग्राहकाची मानसिकता समजून घेतली पाहिजे. पिकअप हे अमेरिकेत केवळ माल वाहण्याचे साधन राहिलेले नाही. फोर्ड कंपनीची एफ मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे आणि तो घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या मागच्या हौद्यात वर्षभरात एखादा सोफा जातो, इतकेच. शिवाय नवी गाडी महाग झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे नव्या वाहनाची सरासरी किंमत प्रथमच ५० हजार डॉलरच्या पुढे गेली. रस्त्यावरील वाहनांचे सरासरी वय त्याच वर्षी १२.८ वर्षांवर पोहोचले होते. कंपन्या स्वतःही उंच ट्रक विकतात. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो ट्रेल बॉस या मॉडेलला कारखान्यातच दोन इंचांची वाढ मिळते. मात्र ते परवडत नसलेला माणूस आपल्या दहा-बारा वर्षांच्या ट्रककडे पाहतो आणि काही शे डॉलरमध्ये तोच थाट मिळेल का, याचा शोध घेऊ लागतो.

थाट मिळतो, यात शंका नाही. तो कशाच्या बदल्यात मिळतो, हे खोक्यावर छापलेले नसते.

सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या माथ्यावर बसविण्याची धातूची किंवा टणक प्लास्टिकची चकती. बहुतेक पिकअपची शेपटी रिकामी असताना थोडी उंच असते, कारण माल भरल्यावर ती खाली यावी अशीच रचना असते. चकतीमुळे पुढचा भाग दीड-दोन इंच वर येऊन गाडी समतल दिसते. किंमत शंभर डॉलरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे चासी आणि बॉडी यांच्या मधल्या आधारांखाली ठोकळे घालणे. यात सस्पेन्शनला हातच लागत नाही. बॉडी उंच होते, पण चासी, एक्सल आणि त्याखालचा दगड यांच्यातले अंतर पूर्वीइतकेच राहते. म्हणजे मोठे टायर बसतात, खडकाळ वाटेवर चासीला त्याचा काही उपयोग नाही. तिसरा प्रकार खऱ्या सस्पेन्शन लिफ्टचा. त्यात नव्या स्प्रिंगा, नवे शॉक अॅब्सॉर्बर, वरचे कंट्रोल आर्म आणि चार-सहा इंचांची वाढ असेल तर पुढचा डिफरन्शियल खाली उतरविणाऱ्या ब्रॅकेटपर्यंत सारे काही येते. त्याची किंमत हजार डॉलरच्या पुढे सुरू होते आणि चांगल्या शॉकसह तीन हजारांपर्यंत सहज जाते.

‘परवडणारी’ किट निवडताना चूक होते ती इथेच. पहिल्या प्रकाराच्या किमतीत तिसऱ्या प्रकाराची उंची मिळविण्याचा मोह आवरत नाही. चकतीवर चकती रचली जाते. आजच्या बहुतेक पिकअपची पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात आणि त्यांना फिरविणारे दांडे दोन्ही टोकांना सांध्यांवर वाकलेले असतात. एका मर्यादेपलीकडे उंची वाढली की त्या दांड्यांचा कोन तीव्र होतो, सांध्यावरचे रबर फाटते, ग्रीस बाहेर येते आणि काही महिन्यांत सांधा निकामी होतो. बॉल जॉइंटचेही तेच. साधारण दोन, फार तर अडीच इंचांपर्यंत मूळ भाग हा ताण सोसतात. त्यापुढे केवळ चकती विकणारा विक्रेता ग्राहकाला उंची नव्हे, पुढच्या दुरुस्तीचे बिल विकत असतो.

मागच्या बाजूला कमानपाटे असतात. एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे हा तिथला सर्वांत स्वस्त उपाय. ठोकळा जितका उंच, तितका जोराने गाडी पुढे काढताना एक्सल स्वतःभोवती पिळला जातो. म्हणूनच अनुभवी कारागीर ठोकळ्याऐवजी जादा पाटा किंवा नवे पाटे सुचवितो आणि जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू देत नाही, कारण एकदा ताणून आवळलेला बोल्ट दुसऱ्यांदा तितकीच पकड देईल याचा भरवसा नसतो. नवे बोल्टही काहीशे किलोमीटर चालविल्यानंतर पुन्हा आवळावे लागतात. स्वस्त किट घेणाऱ्यांत ही दुसरी खेप टाळणारे पुष्कळ निघतात. पुढच्या एक्सलवर असे ठोकळे घालणे तर सरळसरळ धोक्याचे मानले जाते आणि अनेक राज्यांत ते बेकायदाही आहे.

किटच्या किमतीत न दिसणारा खर्च वेगळाच. व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच लागते, अन्यथा नवे टायर एका बाजूने झिजतात. हेडलाइटचा झोत खाली वळवावा लागतो. ते विसरले की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. ३५ इंची टायरच्या चार नगांना हजार डॉलरहून अधिक पडतात, त्यांच्या वजनाने इंधन जास्त लागते, ब्रेकवर भार येतो आणि मूळ गिअर अपुरे वाटू लागतात. अलीकडच्या ट्रकमध्ये समोरची गाडी ओळखून आपोआप ब्रेक लावणारे कॅमेरे व रडार असतात. उंची बदलल्यावर त्यांची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. दोनशे डॉलरची बचत म्हणून सुरू झालेला व्यवहार असा दोन-तीन हजारांवर जातो.

तथापि, हा केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न असता तर कायदेमंडळांना त्यात पडण्याचे कारण नव्हते. वाहन उलटण्याचा धोका मोजण्यासाठी अमेरिकेची राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्था एक साधे गुणोत्तर वापरते. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. मोटारींचा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, पिकअप, व्हॅन आणि एसयूव्हींचा १.० ते १.३. समजा, एखाद्या ट्रकच्या चाकांतील अंतर ६८ इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंचांवर आहे, तर गुणोत्तर १.२१ येते. गुरुत्वमध्य दोन इंच वर गेला की ते १.१३ होते आणि चार इंच वर गेला की १.०६. म्हणजे त्या वर्गाच्या तळाशी. २०१२ च्या मॉडेलपासून तिथे सक्तीची झालेली इलेक्ट्रॉनिक स्थैर्य यंत्रणा घसरणारी गाडी सावरते खरी, परंतु कारखान्याने ती मूळ उंचीसाठी जुळविलेली असते.

रस्त्यावर पायी चालणाऱ्याला या व्यवहारात कोणी विचारलेले नसते. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक असलेल्या वाहनाची धडक बसलेला पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या व उतरत्या बॉनेटच्या वाहनापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. तिथे २००९ मध्ये ४,१०९ पादचारी मृत्युमुखी पडले होते. २०२२ मध्ये ही संख्या साडेसात हजारांच्या घरात गेली. सारा दोष लिफ्ट किटवर टाकता येणार नाही. कारखान्यांनीच ट्रक उंच आणि बोथट तोंडाचे केले आहेत. पण मुळात ४० इंचांची मर्यादा ओलांडलेल्या बॉनेटवर आणखी सहा इंचांची भर घातली की बॉनेटसमोरचे शाळकरी मूल चालकाला दिसण्याचा संभव आणखी घटतो.

मग कायदा काय करतो? संघराज्याच्या कायद्याने वाहन उत्पादक, विक्रेता किंवा दुरुस्ती करणारे गॅरेज यांना कोणतीही सुरक्षा यंत्रणा जाणूनबुजून निकामी करता येत नाही. हे बंधन खुद्द मालकाला मात्र लागू नाही. जे काम व्यावसायिक गॅरेजने नाकारले, ते मालक शनिवारी आपल्या घरच्या गॅरेजमध्ये जॅक लावून करू शकतो. त्याला अडवायचे तर राज्याने अडवायचे, आणि बम्परची वा वाहनाची कमाल उंची किती, याचे नियम राज्यागणिक निराळे आहेत. कॅरोलिनातला कायदाही पुढच्या-मागच्या उंचीतील फरक मोजतो. दोन्हीकडून सारखाच उंच केलेला ट्रक त्याच्या कक्षेबाहेर राहतो. ग्राहकाला १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याचा आधार आहे. बाहेरचा भाग बसविला एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. परंतु बिघाड त्याच भागामुळे झाला असेल तर हे संरक्षण मिळत नाही, आणि फाटलेल्या सांध्याच्या बाबतीत तो संबंध दाखविणे कंपनीला फारसे अवघड जात नाही.

आयातशुल्काने या बाजारात नवा पेच आणला. परदेशी पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के शुल्क आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लादलेल्या शुल्काला दिलेले ते प्रत्युत्तर होते आणि कोंबड्यांचा वाद मिटून गेला तरी ट्रकवरचे शुल्क राहिले. २०२५ मध्ये आयात पोलाद व अॅल्युमिनियमवरील शुल्क मार्चमध्ये २५ टक्के आणि जूनमध्ये ५० टक्के झाले. मोटारीच्या अनेक सुट्या भागांवरही मे महिन्यात २५ टक्के शुल्क लागू झाले. लिफ्ट किट म्हणजे मुख्यतः पोलादच. असे शुल्क वाढते तेव्हा महागड्या किटचा ग्राहक कुरकुरत का होईना पैसे मोजतो. कमी उत्पन्नाचा ग्राहक मात्र पूर्ण किटवरून चकती-ठोकळ्यांवर उतरण्याची शक्यता अधिक, म्हणजे नेमका धोक्याच्या दिशेने.

भारताने याबाबत दुसरे टोक गाठले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. असे असूनही पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर उंच केलेल्या जीपगाड्या दिसतात. अमेरिकेतला ग्राहक निदान विक्रेत्याला किटची मर्यादा, अलाइनमेंट आणि बोल्टविषयी उघडपणे विचारू शकतो. इथे व्यवहारच दबक्या आवाजात होत असल्याने ठोकळा कोणत्या लोखंडाचा आहे, हेही कोणी विचारत नाही.